डीपी का जळते? विजेच्या उसनवारीचा हिशेब

दिवाळी सरते, ज्वारी-हरभऱ्याला पाणी द्यायची वेळ येते आणि बीड जिल्ह्याच्या शिवारांतून एक बातमी हटकून ऐकू येऊ लागते : डीपी जळाली. मग जळालेलं रोहित्र उतरवायचं, ट्रॅक्टरवर घालायचं, दुसरं मिळेपर्यंत हेलपाटे मारायचे आणि तोवर विहिरीत पाणी असूनही पीक सुकताना पाहायचं. गावात दोष कुणाला द्यायचा याची चर्चा होते. कुणी आकडेवाल्यांची नावं घेतं, कुणी रोहित्र दुरुस्त करणाऱ्याला बोल लावतं. त्यात तथ्य असतंही. पण आकडे एकही नसताना, सगळं नियमात असतानाही डीपी का जळते, हे कोडं तसंच राहतं.

कोडं आकड्यांतच मांडू. डीपीवरच्या पाटीवर ६३ केव्हीए लिहिलेलं आहे. तिच्यावर ५ एचपीच्या दहा मोटारी आहेत, म्हणजे एकूण ५० एचपी. एक एचपी म्हणजे ०.७४६ किलोवॅट, तेव्हा ५० एचपी म्हणजे सुमारे ३७ किलोवॅट. रोहित्राची ताकद ६३ आणि गरज ३७. चाळीस टक्क्यांच्या आसपास मोकळं असायला हवं होतं. प्रत्यक्षात ते रोहित्र काठोकाठ भरलेलं असतं. उरलेल्या जागेत काय शिरलं?

कामाची वीज आणि उसनी वीज

पहिला हिस्सा सोपा आहे. मोटारीवर लिहिलेले ५ एचपी हे तिच्या दांड्यावर मिळणारं काम. ते देण्यासाठी ती त्याहून जास्त वीज घेते, कारण काही वीज तारांच्या वेढ्यांत आणि लोखंडात उष्णता होऊन जाते. शेतातली मोटार साधारण ८० टक्के कार्यक्षम धरली तर ३.७ किलोवॅट कामासाठी ४.६ किलोवॅट आत जातात. दहा मोटारींचे झाले ४६. तरीही ६३ पासून आपण लांबच आहोत.

खरी मेख पुढे आहे. आपल्याकडच्या बहुतेक सगळ्या पाण्याच्या मोटारी इंडक्शन जातीच्या आहेत. त्यांच्या फिरत्या भागाला बाहेरून वीज जोडलेली नसते. बाहेरच्या वेढ्यांत तयार झालेलं चुंबकत्वच त्याला फिरवतं. म्हणजे पाण्याचा थेंबही उचलण्याआधी मोटारीला चुंबकत्व उभं करावं लागतं, आणि त्यासाठी ऊर्जा लागते. ही ऊर्जा खर्च होत नाही. चुंबकत्व वाढताना मोटार ती तारेतून घेते, चुंबकत्व ओसरताना तारेत परत ढकलते. आपली वीज सेकंदाला ५० फेरे पूर्ण करते आणि प्रत्येक फेऱ्यात दोनदा दिशा पालटते, म्हणून प्रत्येक फेजवर हे देणंघेणं सेकंदाला १०० वेळा चालतं.

ही शुद्ध उसनवारी आहे. शेजारणीकडून वाटीभर साखर आणली आणि परत केली, तर महिन्याच्या किराणा खर्चात ती दिसत नाही. पण आणायला आणि परत द्यायला माणूस तर चालत गेलाच. विजेचंही तसंच. उसन्या ऊर्जेचं युनिट मीटरवर पडत नाही, मात्र तिची ये-जा करणारा प्रवाह तारांतून आणि रोहित्राच्या वेढ्यांतून खराखुरा वाहतो. आणि तार तापते ती प्रवाहामुळे. तो कामाचा आहे की उसना, हे तांब्याला किंवा ॲल्युमिनियमला कळत नाही.

म्हणून रोहित्रावर किलोवॅट लिहीत नाहीत, केव्हीए लिहितात. केव्हीए म्हणजे दाब (व्होल्टेज) आणि प्रवाह यांचा गुणाकार, ज्यात कामाचा आणि उसना असे दोन्ही प्रवाह आले. त्यातला कामाचा वाटा किती, ते सांगणारा आकडा म्हणजे पॉवर फॅक्टर. तो १ असेल तर सगळा प्रवाह कामाचा. शेतातल्या मोटारींचा तो ०.७ ते ०.८ च्या आसपास असतो. मोटार गरजेपेक्षा मोठी घेतलेली असेल आणि अर्ध्या भाराने चालत असेल तर आणखी खाली, कारण काम कमी झालं तरी चुंबकत्व तेवढंच लागतं. विहिरीचं पाणी खाली जाणार या धास्तीने साडेसात एचपीची मोटार टाकणारे शेतकरी या जिल्ह्यात कमी नाहीत, आणि दुष्काळ पाहिलेल्या माणसाची ती धास्ती चूकही नाही. पण तिची किंमत डीपीला मोजावी लागते.

चौकट : ५ एचपीच्या एका मोटारीचा हिशेब
तारेतून घेतलेली कामाची वीज : ४.६ किलोवॅट
कपॅसिटर नसताना : पॉवर फॅक्टर ०.७५, प्रवाह सुमारे ८.५ अँपिअर, डीपीवर भार ६.१ केव्हीए
२ केव्हीएआरचा (केव्हीएआर हे उसन्या विजेचं माप) कपॅसिटर लावल्यावर : पॉवर फॅक्टर सुमारे ०.९१, प्रवाह ७ अँपिअर, डीपीवर भार ५ केव्हीए
६३ केव्हीएच्या डीपीवर मावणाऱ्या मोटारी : आधी १०, नंतर १२
तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने बदलते, म्हणून ती जवळपास एक तृतीयांशाने घटते

चौकटीतला पहिला भाग पाहिला की कोडं सुटतं. दहा मोटारी, प्रत्येकी ६.१ केव्हीए, म्हणजे ६१. रोहित्र सुरुवातीपासूनच भरलेलं होतं. अकरावी मोटार सुरू झाली, किंवा एका फेजवर भार जास्त पडला, की तेल तापतं, वेढ्यांवरचं आवरण करपतं आणि एका रात्री सगळं संपतं.

उसनं शेजारीच मिळालं तर

कपॅसिटर, म्हणजे गावातला मेकॅनिक ज्याला कंडेन्सर म्हणतो ती डबी, चुंबकत्वाच्या नेमकी उलट वागते. मोटार ज्या क्षणी ऊर्जा मागते त्या क्षणी कपॅसिटर ती देतो, आणि मोटार परत करते तेव्हा साठवून घेतो. उसनवारी विहिरीच्या काठावरच मिटते. डीपीपर्यंतची तार, डीपी आणि तिच्यामागची ११ केव्हीची लाईन या सगळ्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरतं.

यातून एक गोष्ट उघड होते : कपॅसिटर जितका मोटारीच्या जवळ, तितका फायदा लांबवर पोचतो. उपकेंद्रात लावलेला कपॅसिटर उपकेंद्राच्या मागची यंत्रणा हलकी करतो, पुढची डीपी नाही. डीपी वाचवायची तर तो शेतातल्या स्टार्टरजवळच हवा. स्टार्टरच्या पुढे, मोटारीच्या बाजूला जोडावा, म्हणजे मोटार बंद झाली की तोही लाईनवरून सुटतो. आकार मोटारीला साजेसा हवा. ३ एचपीला १ केव्हीएआर, ५ एचपीला २, साडेसातला ३ हा रूढ हिशेब आहे. जास्त मोठा लावला तर बंद केलेली मोटार फिरता फिरता त्याच कपॅसिटरच्या जोरावर वीज तयार करू लागते, दाब वाढतो आणि वेढ्यांना इजा पोचते. आणि वीज गेल्यावरही त्यात भार शिल्लक असतो, म्हणून लगेच हात लावू नये.

त्याची एक उणीवही सांगायला हवी. कपॅसिटरची मदत दाबाच्या वर्गाने बदलते. दाब ४१५ व्होल्टवरून ३५० वर घसरला तर त्याची ताकद १०० वरून ७१ वर येते. म्हणजे लाईनच्या टोकाला, जिथे मदतीची सर्वांत जास्त गरज, तिथेच तो दुबळा पडतो. म्हणून एकट्यादुकट्याने लावून फारसं साधत नाही. एका डीपीवरच्या सगळ्यांनी लावला तर दाबही सावरतो आणि प्रत्येकाचा कपॅसिटर पूर्ण ताकदीने काम करतो.

गावात ‘कंडेन्सर’ या नावाभोवती एक गैरसमज आहे, तो दूर करणं मला फार गरजेचं वाटतं. थ्री-फेज बंद असताना दोन फेजवर मोटार चालवायला जो कंडेन्सर लावतात, त्याचं काम वेगळं. तो तिसऱ्या फेजचा आभास निर्माण करतो. त्याने मोटार फिरते, पण दोनच फेजवर सगळा भार येतो आणि डीपी आणखी लवकर तापते. डबी दिसायला सारखीच, परिणाम उलटा.

दुसरी खोड ऑटोस्विचची. रात्री अपरात्री लाईट येते, बांधावर साप-विंचू, बिबट्याची भीती. अशा वेळी मोटार आपोआप चालू व्हावी ही इच्छा अगदी रास्त आहे. पण सुरू होताना इंडक्शन मोटार नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते, आणि लाईट येताक्षणी दहाच्या दहा मोटारी एकदम उठल्या तर ६१ केव्हीएची मागणी काही सेकंद तीनशेच्या वर जाते. ऑटोस्विच काढा, कपॅसिटर बसवा, असं आवाहन महावितरण दर रब्बीत करत असतं, ते याचसाठी. ऑटोस्विचमध्ये प्रत्येकाची वेळ काही मिनिटांनी पुढेमागे ठेवता आली तरी अर्धं संकट टळेल.

मग हे आवाहन शेतात का रुजत नाही? माझ्या मते त्याचं कारण बिलात आहे. शेतीच्या बिलात उसन्या विजेला कधी किंमतच नव्हती. त्यात २०२४ पासून मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेत साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांचं बिल सरकार भरतं. कपॅसिटरचा खर्च एका शेतकऱ्याचा आणि फायदा सगळ्या डीपीचा, अशा व्यवहारात कुणी एकटा पुढे येणार नाही. ज्या हिशेबाने रोहित्र सार्वजनिक खर्चाने बसतं, त्याच हिशेबाने त्याच्याखालच्या प्रत्येक मोटारीचा कपॅसिटरही बसायला हवा. रोहित्र बदलण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त पडेल.

परळीचं देणं

उसनी वीज येते तरी कुठून? काही अंशी वीजकेंद्रातूनच. परळीच्या औष्णिक केंद्रातले नवे संच प्रत्येकी २५० मेगावॅटचे आहेत. पण जनित्र २५० ची कामाची वीज देत असताना सोबत उसनीही पुरवू शकावं म्हणून ते ०.८५ पॉवर फॅक्टर धरून, म्हणजे सुमारे २९४ एमव्हीएचं बांधलेलं असतं. जनित्राच्या फिरत्या चुंबकाचा जोर वाढवला की ते जास्त उसनी वीज देतं.

मात्र ही उसनवारी लांबवर पाठवता येत नाही. लांब तारेलाही स्वतःचं चुंबकत्व असतं, आणि उसना प्रवाह त्यातून जाताना दाब खाली ओढत जातो. म्हणून ती जिथली तिथे भागवावी लागते. पाण्याअभावी २०१३ च्या सुरुवातीला परळीचे संच बंद ठेवावे लागले, तेव्हा राज्याने कामाची वीज दुसरीकडून आणली. पण जवळचं मोठं केंद्र थांबतं तेव्हा त्या भागाचा दाब सावरणारा हातही थांबतो, आणि उपकेंद्रांतल्या कपॅसिटरांवरचा भार वाढतो. दुष्काळाचा आणि व्होल्टेजचा असाही एक संबंध आहे.

जिनिंगच्या बिलातला धडा

शेतीत जे झालं नाही ते उद्योगांत बिलाने करून दाखवलं. महाराष्ट्रात कारखान्यांना पूर्वी पॉवर फॅक्टर ०.९ च्या खाली गेला की दंड आणि ०.९५ च्या वर राहिला की सवलत मिळे. राज्य वीज नियामक आयोगाच्या आदेशाने १ एप्रिल २०२० पासून उच्चदाब ग्राहकांचं बिल थेट केव्हीए-तासावर आलं. आता उसन्या विजेचाही हिशेब लागतो. पॉवर फॅक्टर ०.८५ असेल तर कामाच्या दर १०० युनिटांमागे बिलात सुमारे ११८ युनिटं पडतात. गरजेपेक्षा जास्त कपॅसिटर लावून उलट दिशेची उसनवारी केली तर तीही मोजली जाते.

माजलगाव, गेवराई, वडवणीकडच्या जिनिंगमध्ये म्हणूनच स्वयंचलित कपॅसिटर पॅनेल दिसतं. रेचे सुरू झाले की त्यातले कपॅसिटर टप्प्याटप्प्याने आत येतात, थांबले की बाहेर पडतात. हा उपाय वर्षानुवर्षं उत्तम चालला. अलीकडे मात्र काही ठिकाणी हेच कपॅसिटर फुगू लागले, फ्यूज उडू लागले, आणि मीटरवर पॉवर फॅक्टर चांगला दिसत असताना रोहित्र गरम राहू लागलं. रोग बदलला होता, औषध जुनंच होतं.

लाटेचा आकार बिघडतो तेव्हा

उसनवारीमुळे मोटारीचा प्रवाह दाबाच्या थोडा मागून, उशिराने चालतो, पण मोटार तो घेते गोलाईदार लाटेच्या आकारातच. इलेक्ट्रॉनिक उपकरणाचं तसं नाही. टीव्ही, संगणक, मोबाइलचा चार्जर, एलईडी दिवा, मोटारीचा वेग बदलणारा ड्राइव्ह या सगळ्यांना आत एकाच दिशेची, म्हणजे डीसी वीज लागते. सर्वांत स्वस्त रचना अशी : चार डायोड आणि एक कपॅसिटर. २३० व्होल्टच्या लाटेचं शिखर ३२५ व्होल्टचं असतं. आतला कपॅसिटर तिथपर्यंत भरतो आणि हळूहळू उतरतो. बाहेरचा दाब आतल्या दाबाच्या वर चढला तरच डायोड उघडतात, आणि ते घडतं फक्त शिखराशी. १० मिलिसेकंदांच्या अर्ध्या लाटेपैकी दोनेक मिलिसेकंदांत सगळी वीज ओढून घेतली जाते, उरलेला वेळ प्रवाह शून्य. लाटेऐवजी सुळके उरतात.

अशा सुळक्याचं गणित दोनशे वर्षांपूर्वीच तयार होतं. फ्रेंच गणिती जोसेफ फूरिए उष्णता कशी पसरते याचा अभ्यास करत होता. त्याने १८२२ च्या ग्रंथात मांडलं की पुन्हा पुन्हा येणारा कुठलाही आकार गोलाईदार लाटांच्या बेरजेने बांधता येतो. आपल्या सुळक्यात ५० हर्ट्झची मूळ लाट असते, आणि तिच्या जोडीला १५०, २५०, ३५० हर्ट्झच्या लाटा. मूळच्या तिप्पट, पाचपट, सातपट वेगाच्या या लाटांना तिसरी, पाचवी, सातवी हार्मोनिक म्हणतात. काम फक्त मूळ लाट करते. बाकीच्या लाटा नुसत्या तारा तापवतात आणि त्यांच्या वेगामुळे रोहित्राच्या लोखंडातही जास्त उष्णता निर्माण करतात.

तिसरीची खोड विशेष वाईट. तीन फेजचे प्रवाह एकमेकांपासून एक तृतीयांश फेऱ्याने मागेपुढे असतात, म्हणून भार सारखा असेल तर न्यूट्रलमध्ये ते एकमेकांना कापतात. पण मूळ लाटेचा एक तृतीयांश फेरा म्हणजे तिसऱ्या हार्मोनिकचा पूर्ण फेरा. त्यामुळे तिन्ही फेजच्या तिसऱ्या हार्मोनिक एकाच वेळी उठतात, एकाच वेळी बसतात आणि न्यूट्रलमध्ये त्यांची बेरीज होते. अंबाजोगाईतली एखादी कोचिंग क्लासची इमारत घ्या, जिथे सगळा भार दिवे, संगणक आणि चार्जरचाच आहे. तिथे न्यूट्रलचा प्रवाह फेजच्या पावणेदोन पटीच्या जवळ जाऊ शकतो. न्यूट्रलला काही नसतं असं समजून बारीक तार टाकलेली असेल, तर आग लागायला एवढं पुरतं.

पॉवर फॅक्टरचे आता दोन घटक झाले. एक उशिराचा, दुसरा आकार बिघडण्याचा, आणि खरा पॉवर फॅक्टर म्हणजे दोहोंचा गुणाकार. सुळकेदार प्रवाहात हार्मोनिकचं एकत्रित प्रमाण मूळ लाटेइतकंच, म्हणजे १०० टक्के असेल, तर दुसरा घटक एकटाच ०.७१ वर येतो. तेच प्रमाण ३० टक्क्यांवर आणलं की तो ०.९६ होतो. आणि कपॅसिटर फक्त पहिला घटक सुधारतो. दुसऱ्यावर त्याचा इलाज नाही, उलट तो बिघाड वाढवू शकतो.

जुनं औषध अंगावर कसं येतं

रोहित्राचा अडथळा वारंवारिता वाढली की वाढतो, कपॅसिटरचा कमी होतो. कुठल्या तरी एका वारंवारितेला दोघांचे अडथळे बरोबरीला येतात. त्या वारंवारितेचा थोडासा प्रवाह मिळाला तरी तो दोघांच्या मध्ये हेलकावत मोठा होत जातो. यालाच अनुनाद म्हणतात. ही जागा काढायचं सूत्र सोपं आहे : रोहित्राची शॉर्टसर्किट क्षमता भागिले कपॅसिटरची क्षमता, आणि आलेल्या उत्तराचं वर्गमूळ.

जिनिंगचं ५०० केव्हीएचं रोहित्र घ्या. त्याचा अंतर्गत अडथळा ५ टक्के असेल तर शॉर्टसर्किट क्षमता ५०० भागिले ०.०५, म्हणजे १०,००० केव्हीए. पॅनेलमधून २०० केव्हीएआरचे कपॅसिटर आत आले की भागाकार ५० आणि वर्गमूळ ७.०७. सातव्या हार्मोनिकच्या जवळजवळ वर! आणि तीन फेजवर चालणारा नेहमीचा ड्राइव्ह नेमक्या पाचव्या, सातव्या, अकराव्या आणि तेराव्या हार्मोनिक सोडतो. कपॅसिटरचे टप्पे आत-बाहेर होतात तशी अनुनादाची जागाही सरकते, म्हणून सकाळी काही नसतं आणि दुपारी फ्यूज उडतो.

यावरचा उपाय म्हणजे प्रत्येक कपॅसिटरच्या आधी एक चोक, म्हणजे तारेचं वेटोळं. ७ टक्के चोक घातला तर चोक आणि कपॅसिटर या जोडीची स्वतःची वारंवारिता सुमारे १८९ हर्ट्झवर येते. पाचव्या हार्मोनिकच्या २५० हर्ट्झपासून पुढे ही जोडी कपॅसिटरसारखी वागतच नाही, तिथे अनुनादाला वाव उरत नाही. मूळ ५० हर्ट्झला ती पूर्वीसारखीच उसनवारी भागवते. फक्त चोकमुळे कपॅसिटरवरचा दाब ४१५ चा ४४६ होतो, म्हणून तो त्याहून वरच्या व्होल्टेजचा घ्यावा लागतो. जुन्याच कपॅसिटरांना चोक जोडून पैसे वाचवायला जाणाऱ्यांचं नुकसान इथेच होतं.

मुळाशी इलाज

सर्वांत चांगलं म्हणजे उपकरणाने सुळके ओढूच नयेत. चांगल्या प्रतीच्या संगणकाच्या वीजपुरवठ्यात, मोठ्या एलईडी ड्रायव्हरमध्ये, इन्व्हर्टर एसीत यासाठी एक वेगळा टप्पा असतो. त्यात डायोडांनंतर लगेच कपॅसिटर नसतो. मध्ये एक चोक आणि सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच असतो. स्विच मिटला की चोकमध्ये प्रवाह चढतो, उघडला की तो पुढच्या कपॅसिटरमध्ये ढकलला जातो. कुठल्या क्षणी किती वेळ मिटायचं हे ठरवणारी चिप सतत लाटेकडे पाहत असते : दाब कमी तिथे कमी प्रवाह, दाब जास्त तिथे जास्त. सुळक्याच्या जागी पुन्हा लाट येते.

ही रचना दाब फक्त वाढवू शकते, म्हणून पुढच्या कपॅसिटरवरचा दाब लाटेच्या शिखरापेक्षा नेहमी वर ठेवावा लागतो. पुरवठ्याचा दाब २६४ व्होल्टपर्यंत चढला तर शिखर ३७३ चं होतं. म्हणून आतला दाब ३९० ते ४०० व्होल्ट ठरवतात.

रचना करणाऱ्याची खरी कसोटी नियंत्रणात आहे. एका बाजूला प्रवाहाला लाटेचा आकार देणारं जलद नियंत्रण, दुसऱ्या बाजूला आतला दाब स्थिर ठेवणारं. हे दुसरं मुद्दाम संथ ठेवतात. कारण एका फेजवरून येणारी वीज सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होते आणि आतला दाबही त्या तालावर थोडा हलतोच. नियंत्रण उतावीळ असलं तर ते ही हालचाल दाबायला जातं आणि त्या खटपटीत प्रवाहाचा आकार बिघडवतं, म्हणजे जी तिसरी हार्मोनिक घालवायची तीच आत येते. संथ ठेवलं तर भार एकदम बदलल्यावर दाब सावरायला वेळ लागतो. या दोहोंमधली जागा शोधणं हे मोठं कौशल्याचं काम आहे. हलक्या भाराला आणखी एक अडचण येते : विजेतला गोंगाट रोखणाऱ्या फिल्टरमधले छोटे कपॅसिटर स्वतःच उसनवारी करतात, म्हणून पूर्ण भाराला ०.९९ दाखवणारं उपकरण कमी भाराला बरंच खाली उतरतं.

चाचणीच्या टेबलावर

उपकरण किती हार्मोनिक सोडतं, याच्या मर्यादा आयईसी ६१०००-३-२ या आंतरराष्ट्रीय मानकात आहेत. फेजमागे १६ अँपिअरपर्यंतच्या उपकरणांना ते लागू होतं, आणि भारतीय मानक ब्युरोने ते आयएस १४७०० च्या भाग ३, विभाग २ मध्ये घेतलं आहे. उपकरणांचे वर्ग पाडलेले आहेत. टीव्ही आणि संगणकांना दर वॅटमागे मर्यादा : तिसऱ्या हार्मोनिकला ३.४ मिलिअँपिअर, पाचवीला १.९. म्हणजे २०० वॅटचा टीव्ही तिसरी हार्मोनिक ०.६८ अँपिअरपेक्षा जास्त सोडू शकत नाही. सर्वसाधारण वर्गात मर्यादा ठोक आहे, तिसरीला २.३० अँपिअर, उपकरण लहान असो की मोठं. दिव्यांचा वर्ग वेगळा आणि बराच कडक.

चाचणी घरच्या सॉकेटवर होत नाही, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. गावातल्या विजेची लाट आधीच शिखराशी चपटी झालेली असते. चपट्या लाटेवर साध्या रचनेचे सुळके पसरट होतात आणि वाईट उपकरण बरं दिसतं. लाटेमागून जाणारी चांगली रचना मात्र तो बिघडलेला आकारही इमानाने उचलते आणि विनाकारण दोषी ठरते. म्हणून प्रयोगशाळेत वीज खास यंत्राने तयार करतात, जिच्यात तिसरी हार्मोनिक ०.९ टक्के आणि पाचवी ०.४ टक्क्यांच्या आत असावी लागते. मापक १० फेऱ्यांचे, म्हणजे २०० मिलिसेकंदांचे तुकडे घेऊन चाळिसाव्या हार्मोनिकपर्यंत, २००० हर्ट्झपर्यंत प्रत्येकीचं माप काढतो. सरासरी मर्यादेत हवी. क्षणिक उसळीला दीडपटीपर्यंत मुभा आहे. आयआयटी पवईच्या आवारात मुख्यालय असलेली ‘समीर’ ही केंद्र सरकारची संस्था अशा विद्युतचुंबकीय चाचण्यांसाठी उद्योगांना परिचित आहे.

या मानकात एक फट आहे आणि ती ग्रामीण भागाला महत्त्वाची आहे. ७५ वॅटपर्यंतच्या उपकरणांना, दिवे वगळता, मर्यादाच नाहीत. मोबाइलचे चार्जर, सेटटॉप बॉक्स, राउटर यात आले. ५ ते २५ वॅटच्या दिव्यांना मर्यादा आहे, पण तिसरी हार्मोनिक मूळच्या ८६ टक्क्यांपर्यंत चालते. म्हणजे घरोघरचा ९ वॅटचा दिवा मानक पाळूनही बिघडलेला प्रवाह ओढू शकतो. एका दिव्याचा हिशेब नगण्य, हे खरं. पण गावठाण डीपीवर रात्री आठ वाजता जवळपास सगळा भार अशाच छोट्या वस्तूंचा असतो, आणि त्यांचे सुळके एकाच शिखरावर उठतात.

उपकरणांची बेरीज जिथे होते तिथे मर्यादा घालणारं दुसरं मानक आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या ग्रीड जोडणीच्या मानकांच्या २००७ च्या मूळ रूपानुसार जोडबिंदूवर दाबातला एकूण बिघाड ५ टक्क्यांच्या आत, कुठलीही एक हार्मोनिक ३ टक्क्यांच्या आत, आणि पारेषण यंत्रणेतून घेतलेल्या प्रवाहातला बिघाड ८ टक्क्यांच्या आत हवा होता. ही मोजणी मोठ्या ग्राहकापर्यंत आणि उपकेंद्रापर्यंत पोचते. गावच्या डीपीवर ती कुणी करत नाही. ती व्हायला हवी, विशेषतः आता शेतीच्या फीडरांवर सौर प्रकल्प आणि त्यांचे इन्व्हर्टर जोडले जात असताना.

सुरुवातीला फार काही लागत नाही. न्यूट्रलच्या तारेला क्लॅम्प मीटर लावून प्रवाह पाहिला तरी बरंच कळतं. मीटर मात्र ‘ट्रू आरएमएस’ लिहिलेलं घ्यावं. साधं मीटर लाट गोलाईदार आहे असं गृहीत धरतं आणि सुळकेदार प्रवाह ३०-४० टक्क्यांनी कमी दाखवू शकतं. तिन्ही फेजवर भार सारखा असूनही न्यूट्रलमध्ये फेजइतका किंवा जास्त प्रवाह दिसला, तर कपॅसिटर वाढवू नये. न्यूट्रलची तार आणि तिचे जोड आधी तपासावेत, ड्राइव्ह आणि मोठे वीजपुरवठे कुठे आहेत ते शोधावं, आणि मग चोक लावायचा की उपकरणच बदलायचं ते ठरवावं.